मॅनेजर हटाव

पुतळा पेटेना. मल्लाप्पानं तिसरी काडी ओढली, तेव्हा कुठे पेंढ्यानं पेट घेतला आणि कारखान्याच्या मैदानाबाहेर जमलेल्या गर्दीनं आरोळी ठोकली. पुतळ्याच्या गळ्यात पाटी होती: मॅनेजर उल्हास.

वरच्या मजल्याच्या खिडकीतून उल्हास ते बघत होता.

"मागे या," क्लबचे अध्यक्ष हणमंतराव म्हणाले. "दगड येईल एखादा."

उल्हास खुर्चीवर येऊन बसला. कार्यकारिणीचे पाचही जण टेबलाभोवती होते.

चार महिन्यांपूर्वी, त्र्याण्णवच्या जूनमध्ये, हीच माणसं इथंच बसली होती. तेव्हा विषय निराळा होता. कारखान्याचा फुटबॉल क्लब मोडायचा आणि मैदानावर गोदाम बांधायचं, असं हणमंतरावांच्या मनात होतं. "मॅचला शंभर माणसं येत नाहीत. कुणाला फरक पडणार आहे?" ते म्हणाले होते.

उल्हास याच क्लबकडून अकरा वर्षं खेळला होता. तरी त्यानं वाद घातला नाही. एवढा सीझन होऊ द्या, इतकंच मागून घेतलं. तो गप्प बसला हे खेळाडूंना फार लागलं.

मग त्यानं सूर्यकांतला बाहेर बसवलं. सूर्यकांत सेंटर फॉरवर्ड, अख्ख्या राजाजीनगरचा लाडका. कारण विचारलं तर उल्हासचं एकच उत्तर, "माझी मर्जी."

टीम लागोपाठ दोन मॅच हरली. तिसरीला पाचशे माणसं आली, ती मॅनेजरला शिव्या घालायला. म्होरक्या मल्लाप्पा. मूळचा बेळगावचा, कारखान्यात टर्नर, आवाज भोंग्यासारखा. चौथ्या मॅचला दोन हजार आले. पाचवीला पेपरवाले आले. कोपऱ्यावरच्या यल्लव्वानं उल्हासच्या बायकोला, संध्याला, भाजी द्यायचं बंद केलं. संध्या घरी येऊन रडली. "घे ना रे त्या पोराला टीममध्ये," ती म्हणाली.

"आज चार हजार होते," हणमंतराव सांगत होते. "आमदारांचा फोन येऊन गेला. आता क्लबला हात लावला, तर हे लोक गेट उपटून नेतील. गोदाम दुसरीकडे बघावं लागणार."

"मग?"

"मग त्यांना एक माणूस हवाय. तो दिला की शांत होतील." त्यांनी टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला.

उल्हासनं तो सावकाश वाचला. "क्लब आणि मैदान राहणार, हे आधी ठरावात घ्या," तो म्हणाला. "मग सही करतो."

"जाता जाता क्लबची काळजी!" कुणीतरी हसलं.

ठराव लिहिला गेला. पाचही सह्या झाल्या. मग उल्हासनं आपली केली. सही सरळ आली, पण पेनाचं टोपण काही केल्या बसेना. शेवटी त्यानं ते तसंच खिशात टाकलं. मागच्या दारानं त्याला बाहेर काढावं लागलं. पुढच्या दाराशी पेढे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लाप्पा घरी आला. संध्यानं दार अर्धंच उघडलं.

"आता काय राहिलंय जाळायचं?"

"साहेबांना भेटायचंय, अक्का. स्वल्प काम होतं."

आतून उल्हास आला. "येऊ दे त्याला. चहा टाक."

संध्या जागची हलली नाही.

"ठराव लागला का बोर्डावर?" उल्हासनं विचारलं.

"लागला साहेब. सूर्यकांतनं मोठ्यानं वाचून दाखवला सगळ्यांना." मल्लाप्पानं चपला काढल्या, पण तो बसला नाही. "क्लब वाचला. पण गर्दी टिकली पाहिजे, नाहीतर हणमंतराव पुन्हा गोदामाचा विषय काढतील. नव्या मॅनेजरविरुद्धही चार घोषणा लिहून द्या. तुमच्यावरच्या तुम्हीच लिहून दिल्या होत्या, तसं यमक आमच्यात कुणालाच जुळत नाही."