कर्ण्यावरची सून

शेजारच्या वेलम्माळच्या नातवाचे आज कान टोचायचे होते, म्हणून सकाळपासून कडुलिंबावर कर्णा बांधला होता आणि कर्ण्यातून अख्खा सिनेमा ऐकू येत होता. गाणी नाहीत हो, नुसते संवाद. तेनकाशीच्या त्या गल्लीतल्या बायकांनी तो सिनेमा चार-चार वेळा पाहिलेला. तरी कॅसेट लागली की सगळ्यांचे हात सावकाश चालायचे.

वडिवू मात्र भराभर रगडा फिरवत होती. इडलीचं पीठ कधी नव्हे ते लोण्यासारखं झालं होतं. उद्या सोमवार. सकाळी दहाला कडयमच्या सरकारी शाळेत हजर झाली नाही तर नोकरी गेली! आणि नेमणुकीचा कागद तर सासऱ्यांनी आठ दिवसांपूर्वी मुरुगन देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिला होता. "विचार करून सांगतो," म्हणाले होते. आठ दिवस विचार! तेवढ्यात माणूस काशीला जाऊन परत येतो.

सासरे, सुडलैमुत्तू, गेल्याच महिन्यात पोस्टातून निवृत्त झाले होते. जन्मात सिनेमा न पाहिलेला माणूस. आज झोपाळ्यावर बसून, आपण ऐकतच नाही असं दाखवत, एकूण एक शब्द ऐकत होते.

कर्ण्यातला सासरा गरजला, "सुनेनं उंबरा ओलांडून पगार आणायचा? मग या मिशा काय खुंटीला टांगू?"

गल्ली खदखदून हसली. सुडलैमुत्तूंनी आपल्या मिशीवरून बोट फिरवलं.

"बरोब्बर बोलला! आता बघू, काय तोंड उघडते ती."

आणि लाइट गेली.

गल्लीभर "अय्यो!" झालं. झोपाळाही थांबला.

"छ्या! ऐन वेळेला!" सुडलैमुत्तू खरोखरच वैतागले. "काय म्हणते गं ती पुढे?"

सिनेमातली सून पुढे काय करते ते घरात त्यांच्याखेरीज सगळ्यांना पाठ होतं. ती रडते, सासऱ्याचे पाय धरते आणि माफी मागते. वडिवूलाही पाठ होतं. पण हीच वेळ होती, आणि लाइट केव्हाही येणार होती. तिने पिठाचे हात निपटले.

"ती म्हणते, मामंजी, तुमच्या मिशीला कुणी हात लावत नाही. पण मला बघायला आलात तेव्हा गावभर सांगत सुटला होतात, माझी सून बी.एड. झालीय म्हणून. मी काय नुसती सांगण्यापुरती शिकले? पीठही वाटीन आणि पोरंही शिकवीन. तुम्ही हो म्हणालात तर उद्या सकाळी पाया पडून जाईन."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तरी जाईन. पाया संध्याकाळी येऊन पडेन."

तिचा नवरा अरुमुगम कोपऱ्यात न्याहारी करत होता. त्याने भाबडेपणाने मान वर केली.

"अगं पण, त्यात तर ती..."

"तू दोसा खा," त्याची आई पेच्चियम्माळ म्हणाली आणि तिने त्याच्या पानात आणखी एक टाकला. मग ती परत सांबाराचे कांदे सोलायला बसली.

"बी.एड.?" सुडलैमुत्तूंनी भुवया चढवल्या. "तीपण बी.एड.?"

"हल्ली सगळ्याच असतात," पेच्चियम्माळ म्हणाली.

सुडलैमुत्तू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. मग हळूच विचारलं, "आणि तो? सासरा काय करतो मग?"

एवढं काही वडिवूने रचलं नव्हतं. पेच्चियम्माळने मात्र कांद्यावरची नजरसुद्धा उचलली नाही.

"तो काय करणार बिचारा? जरा वेळ मिशी कुरवाळतो. मग म्हणतो, बस कितीची?"

सुडलैमुत्तूंचा हात मिशीवरच होता. तो त्यांनी घाईने खाली घेतला. मग उठले, तसबिरीमागे हात घातला, नेमणुकीच्या कागदाचं पाकीट काढलं आणि त्यावरची विभूती फुंकरीने उडवली.

तेवढ्यात लाइट आली.

कर्णा आधी म्हशीसारखा हंबरला, मग ताळ्यावर आला. आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा हंबरडा फुटला, "चुकले, मामंजी, चुकले! या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही! मला माफ करा!"

अरुमुगमचा घास तोंडाशीच राहिला. पेच्चियम्माळने मान वर केली आणि नवऱ्याकडे सरळ बघितलं. कांद्याने डोळे लाल झाले होते, पण तिने ते पुसले नाहीत.

सुडलैमुत्तूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग मुलाच्या पानातल्या दोशाकडे. हातात पाकीट तसंच. कर्ण्यातली सून हुंदके देतच होती.

ते ताडताड बाहेर ओट्यावर गेले.

"ए वेलम्माळ! बंद कर ते! चुकीची कॅसेट लावलीयस!"

"अहो, तीच आहे! सिनेमात असंच आहे!" वेलम्माळ पलीकडून ओरडली.

"आमच्या घरात असं नाहीये!"

कर्णा खट्कन बंद झाला. सुडलैमुत्तू आत आले. पाकीट वडिवूच्या पुढ्यात धरलं आणि जरा वेळ मिशी कुरवाळली.

"हं," ते म्हणाले. "बस कितीची?"