शुद्ध बचनाग

“काय पाजलंत त्यांना? बोला लवकर!” डॉक्टरीणबाई ओरडल्या.

अप्पांची थोरली लेक दाराकडे वळली. दाराच्या काचेतून अप्पा दिसत होते. छातीवर वायरी, आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी उड्या मारत होती.

“बचनाग,” ती कशीबशी म्हणाली. “गुडघ्यांसाठी. आमच्या वैद्यबुवांनी सांगितला. पण शुद्ध आणला हो मी, अगदी शुद्ध!”

डॉक्टरीणबाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत.

थोरली म्हणजे मुलखाची चिकित्सक. दुधाचा थेंब नखावर टाकून पाणी शोधणारी. दुकानदारानं पुडीतली तयार पूड पुढे केली, तर म्हणाली, “पूड नको, तिच्यात तुम्ही वीटसुद्धा दळाल! अख्खी मुळी द्या.” जन्मभर शिलाई मशीन मारून बापाचे गुडघे गेलेले, निदान औषध तरी बिनभेसळीचं जावं पोटात. घरी तिनं मुळी स्वतः धुतली, वाळवली, कुटली. चाटण घेतल्यावर अप्पा म्हणाले, “जीभ चुणचुणतेय गं.”

“चुणचुणणारच! अस्सल आहे,” म्हणत तिनं बोटाला लागलेलंही चाटवलं.

वैद्यबुवा धापा टाकत जिना चढून आले.

“पोरी, शुद्धच घे म्हणून बजावलं होतं ना तुला?”

“शुद्धच होता! अख्खी मुळी आणली, माझ्या हातानं कुटली.”

“मुळी?” वैद्यबुवा मटकन बाकावर बसले. “अगं, शुद्ध म्हणजे दुधात शिजवून विष काढलेला. त्याची तयार पूड मिळते.”

“विष?” थोरलीनं त्यांचा सदराच धरला. “मग विष म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? त्या एका शब्दानं जीभ झडली असती?”

“आम्ही शुद्धच म्हणतो गं,” वैद्यबुवा पुटपुटले. “सगळे शुद्धच म्हणतात.”

तिच्या हातातून सदरा सुटला. आता रडावं की डोकं आपटून घ्यावं, तिला कळेना. ज्या बोटानं चाटवलं ते बोट ती पदराला पुसत राहिली.

दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या. थोरलीनं त्यांचे दोन्ही हात धरले.

“सिस्टर, माझे अप्पा?”

“प्रयत्न चाललेत, ताई,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “पण अजून शुद्ध नाही.”