वास्तुशांतीच्या कार्डावरचा नकाशा

सुधाकरने नव्या घराच्या वास्तुशांतीच्या कार्डामागे स्वतःच्या हाताने नकाशा काढला आणि पाण्याच्या टाकीपासून डावीकडचं वळण चुकून उजवीकडे दाखवलं. सकाळपासून पाहुणे वाटेतून फोन करून रस्ता विचारत होते, आणि पोहोचले की हसत होते.

"भिया, तुमच्या नकाशाने तर आम्ही सीधे मानपुर गाठलं असतं," तुकोगंजचे आपटेजी म्हणाले.

सुधाकरही हसला, पण त्याचं लक्ष फाटकाकडे होतं. देवासला राहणारी थोरली बहीण अरुंधती नऊ वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती. तिच्या कार्डावर त्याने मुद्दाम लिहिलं होतं, 'ताई, तू आल्याशिवाय पूजेला बसणार नाही.' शेवटी गुरुजींनी मुहूर्त टळतोय म्हणून त्याला बसवलं.

संध्याकाळी त्याने तिला फोन लावला. तिने दोनदा कापला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा नंबर ब्लॉक झालेला होता, आणि मोबाइलवर तिचा एक मेसेज येऊन पडला होता.



"तू दाखवलेल्या जागी एका गोडाऊनच्या बंद फाटकापुढे तासभर उभी होते रे. बोलवायचं नव्हतं, तर इतकं प्रेमाने लिहायचं तरी नव्हतंस."