हात पोचत नाही तिथे

लेकीच्या लग्नावरून बिनसलं, तेव्हापासून नवरा-बायकोत अबोला. टेबलावर ताट आदळायचं, तेवढाच काय तो घरात आवाज. पण पाठीवरच्या इसबाच्या चट्ट्यापर्यंत त्याचा स्वतःचा हात पोचत नव्हता. म्हणून रोज अंघोळ झाली की तो तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि ती चकार शब्द न काढता मलम लावायची.

आज त्वचेच्या डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि त्यांचा पाराच चढला.

“अहो, चट्टा कधीच गेलाय! स्टेरॉइडचं मलम आहे हे, कोल्ड क्रीम नाही. कातडी कागदासारखी पातळ झालीय. खाज थांबल्यावर लावायचं बंद का नाही केलंत?”

तो मान खाली घालून शर्टाची बटणं लावत राहिला.

“आणि ताई, तुम्हाला तरी दिसत होतं ना?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

“आजपासून ही ट्यूब बंद. एकदम बंद!”

दोघं जिना उतरली. खाली औषधांच्या दुकानाशी तिची पावलं थांबली.



“साधं व्हॅसलीन आहे का हो?” तिने दुकानदाराला विचारलं. “मोठ्यातली मोठी डबी द्या.”