दोन पट्ट्या वर

“कॅसेट खोटी आहे,” विठ्ठलबाब म्हणाले. “हा गवई एवढा खाली गातच नाही. माझी तबकडी ऐक.”

गौरवीने कपाळाला हात लावला. पणजीत गाणं शिकवणारी मुलगी पगारातून बापासाठी कॅसेट आणते. तोच इटालियन गवई, ऑपेरातलं तेच गाणं, तीच जुनी तबकडी कॅसेटवर उतरवलेली. आणि बाप म्हणतो खोटी! म्हाताऱ्या माणसाला काही द्यायला जाऊ नये, हेच खरं.

गोवा आज राज्य झालं होतं. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. मराठी की कोकणी यावरून दोन वर्षं एकमेकांची तोंडं न पाहिलेले कोरगावचे गावकरी एकाच मांडवाला दोऱ्या बांधत होते. त्या सगळ्यांचं मागणं एकच, विठ्ठलबाबांनी एक पद म्हणायचं. सकाळपासून तिघे आमंत्रणाचा नारळ घेऊन आले आणि नारळ घेऊनच परत गेले. एकोणतीस वर्षं हा माणूस गायला नव्हता, तो आज कसला गातोय!

लग्न झालं तेव्हा विठ्ठलबाब पेडण्यात पोर्तुगीज साहेबाच्या कचेरीत कारकून होते. साहेबाने आहेर म्हणून ग्रामोफोन दिला आणि सोबत ही एकच तबकडी. शब्द एकही कळत नव्हता. पण शेवटी तो गवई आवाज असा वर फेकायचा की माडावर चढलेला पाडेली कोयता थांबवून ऐकायचा. जत्रेच्या नाटकात आपणही असाच आवाज फेकायचा, असं विठ्ठलबाबांनी ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांचा सूर त्या सुराला अगदी टेकला. मग काय झालं कोण जाणे, तो सूर दिवसेंदिवस वर सरकत गेला. हे मान ताणून ताणून मागे लागले. महिनाभराने त्यांनी मनाशी कबूल केलं, आपला आवाज गेला. नाटकाचा नारळ परत केला. “लग्न केलं नि सूर घालवला,” गाव चेष्टा करायचा. ते हसायचे. पण तेव्हापासून आरतीसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायचे. तबकडी मात्र दर रविवारी लावायचे, गेलेल्या माणसाचा फोटो पुसावा तशी.

गौरवीची आई वत्सला दोनदा दारात येऊन गेली. दुपार झाली होती, माशांचं हुमण निवत होतं.

गौरवीने पेटी ओढली. कॅसेटवरचा शेवटचा सूर पेटीवर धरला. मग ग्रामोफोनला चावी दिली. तबकडीवरचा तोच सूर दोन पट्ट्या वर निघाला.

“बघ!” विठ्ठलबाब म्हणाले.

गौरवीने तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. तबकडीवर छापले होते अठ्ठ्याहत्तर. ती वाकली. फिरत्या चकतीच्या बाजूला वेगाचा बारीकसा काटा होता. तो जलदच्या टोकाला जाऊन गंजला होता.

“बाबा, तुमचा सूर कुठे अडायचा?”

विठ्ठलबाबांनी पेटीच्या एका पट्टीवर बोट ठेवलं. “हंय. ह्याच्या पुढे कधी गेलाच नाही.”

गौरवीने ती पट्टी वाजवली, कॅसेट वाजवली, पुन्हा पट्टी वाजवली. “अहो बाबा, तुम्ही त्या गवयाच्या एक पट्टी वर गात होता!”

विठ्ठलबाब लाकडी कदेलीत पाठ टेकून बसले. “पण काटा ओढला कोणी?”

“मी,” वत्सला म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. ती डाव हातात धरून उंबऱ्यावर उभी होती.

“नवी नवरी होते. घोवाच्या आधी जेवायचं नाही. आणि तुम्ही एकदा बसलात की तीच तबकडी बारा वेळा. पोटात नुसते कावळे कोकलायचे. पुरे म्हणायची छाती नव्हती, सासूबाई समोर बसलेल्या. काटा इकडे केला की गाणं लवकर संपतं, एवढं मला कळलं होतं. रोज यंत्र पुसताना तांदळाएवढा सरकवायचे.” तिने डाव खाली ठेवला. “सूरही चढतो हे मला मेलीला काय ठाऊक? तुम्ही गाणं सोडलंत तेव्हा मला वाटलं, देव पावला.”

“बारा वेळांत किती वाचायचं गो?” विठ्ठलबाबांनी विचारलं.

“चार-पाच मिनिटं.”

गौरवीला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात जनेलातून शंभूने हाक मारली. नारळ घेऊन आलेला तो चौथा. “विठ्ठलबाब, शेवटचं विचारतो. नारळ ठेवू की नेऊ?”

विठ्ठलबाब उठले. त्यांनी नारळ हातात घेतला आणि पेटीवर ठेवला. वत्सलेने पदराने डोळे पुसले. “आता सूर लावून बघा. मी ताटं मागाहून घेते. मला घाई नाही.”

ते पेटीशी बसले नाहीत. सरळ आत गेले, पाट मांडला, एकच ताट घेतलं आणि त्यात भात वाढला. हुमण ओतताना थोडं सांडलंही. आयुष्यात पहिल्यांदाच वाढत होते.

“बस,” ते वत्सलेला म्हणाले. “आधी तू जेव. मग मी गातो.”