कापडाखालची तालीम

पिंजरा न्यायला शेजारचा तुमिजो नवी दोरी घेऊनच आला. ओसरीवर टेकला, पुढ्यातलं तळलेलं सोयाबीनचं तेंपे उचललं आणि वर टांगलेल्या झाकल्या पिंजऱ्याकडे असा बघत राहिला, जणू आतला मुराई पक्षी आता त्याला मामा म्हणणार होता.

"कांग, मन घट्ट करा," तो थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. "शिट्टीच गेल्यावर मुराई ठेवून करणार काय? रस्सा?"

कार्सिदीने कप उचलला. डावा ओठ बोटाने दाबून धरत त्याने उजव्या कोपऱ्यातून कॉफीचा घोट घेतला. तरी थोडी हनुवटीवरून सदऱ्यावर गेलीच. डोक्यातली गाठ काढली तेव्हापासून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीशी बोलेनाशी झाली होती. उजवी हसे, डावी ढिम्म. डावा डोळा झोपेतही मिटत नसे. बायको, रुमियाती, त्यात मलम घालून वर पट्टी चिकटवी. ज्या रात्री पट्टी निघे त्या रात्री गल्लीतले चोर म्हणे त्या घरापुढून चपला हातात घेऊन जात. गाठीबरोबर डावा कानही गेला होता. आवाज येई, पण कुठून आला ते कळत नसे. बायकोने न्हाणीतून हाक मारली की हा रस्त्यावर जाऊन उभा राही.

या सगळ्याचं त्याला फारसं काही नव्हतं. सलत होती ती शिट्टी. चढत चढत वर जायची आणि टोकाशी गिरकी घ्यायची. क्लातेनच्या मैदानावर पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या दिवशी कार्सिदीने ती घातली, की त्याचाच काय, शेजारच्याचाही पक्षी गाऊ लागे. खेळणीवाल्याच्या मातीच्या चिमण्याही माना वळवत म्हणतात. चिमण्यांबद्दल मात्र दोन मतं आहेत.

ऑपरेशननंतर मेहुण्याने त्याला हा मुराई, अगदी पिल्लू असताना, आणून दिला. दवाखान्यातल्या बाईंनी रोज आरशासमोर बसायला सांगितलं होतं. गाल फुगवा, पा-पा-पा म्हणा, शिट्टीचा ओठ काढा. नस आपल्या चालीने येईल, तिला घाई करू नका. ओसरीवर उजेड चांगला, म्हणून आरसा तिथेच लागला, पिंजऱ्याखाली. रुमियाती भाजी घेऊन बाजारात गेली, की कार्सिदी फुंकत बसे. फुस्स. पुन्हा फुस्स.

आणि मग मागल्या महिन्यात, पिंजरा झाकलेला असताना, एका सकाळी तो फुंकतो न फुंकतो तोच कुणीतरी त्याचीच जुनी शिट्टी घातली, गिरकीसकट. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे रोजच. त्याची नक्कल करायला धजावेल असा गल्लीत एकच माणूस होता. कार्सिदीने आरसा भिंतीकडे तोंड करून फिरवला आणि त्या माणसाला निरोप धाडला: पक्ष्यावर डोळा आहे ना तुझा, मग ये आणि घेऊन जा.

"जमली रे तुला माझी शिट्टी," तो आता म्हणाला.

"कसली शिट्टी?"

"आजाऱ्याची भिंतीआडून टिंगल करतोस, आणि वर कसली म्हणून विचारतोस?"

"कांग, डोक्यातून नुसती गाठच काढली ना? की हात घातलाच आहे म्हणून आणखीही काही काढलं?"

"अहो, भांडण मागाहून करा," रुमियाती आतून ओरडली. "आधी कापड काढा. नवी पिसं आलीत त्याला, कोंडून किती ठेवणार?"

पिसं झडतात तेव्हा मुराईवर कापड टाकतात. त्या काळोखात तो गात नाही, ऐकतो. आणि जे ऐकतो तेच जन्मभर गातो. म्हणून जाणते लोक तेव्हा शेजारी चांगल्या गळ्याचा पक्षी टांगतात.

"शेजारी कोण टांगला होता?" तुमिजोने विचारलं.

"कुणीच नाही."

तुमिजोने कपाळावर हात मारला आणि कापड ओढलं.

मुराईने लांब काळी शेपटी झटकली, उजेडाकडे डोळे मिचकावले, छाती फुगवली.

"पा-पा-पा," तो गायला. "फुस्स."

तेंपे तुमिजोच्या घशात अडकलं. रुमियाती तोंडाला पदर लावून दारात आली.

"पा-पा-पा. फुर्रर्र. फुस्स." मग थोडा थांबून त्याने नाक ओढल्याचा आवाज काढला. ओला. एकदा, पुन्हा एकदा. रडून झाल्यावर माणूस ओढतो तसं.

रुमियातीचं हसू पदरातच राहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सदऱ्यावरचा डाग पुसत होता.

"वाया गेला!" तुमिजोने दोरी गुंडाळली. "ही फुसफुस परीक्षकांनी ऐकली तर पिंजऱ्यासकट मलाच मैदानाबाहेर टांगतील. तुमचा तुम्हाला लखलाभ, कांग."

तो पायरी उतरला आणि मुराईने पुन्हा फुस्स केलं. त्याच फुस्समधून शिट्टी निघाली. चढत चढत वर गेली, टोकाशी तिने गिरकी घेतली. गिरकी किंचित वाकडी होती. तिच्या शेवटाला जराशी हवा सुटत होती, डाव्या कोपऱ्यातून सुटावी तशी.

तुमिजो एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा राहिला.

"खरं सांग," कार्सिदी म्हणाला. "भिंतीआडून तूच घालत होतास ना?"

"मला ती येत असती, तर तुमचा पक्षी न्यायला कशाला आलो असतो?"

कार्सिदीने गल्लीकडे पाहिलं. न्हाणीकडे पाहिलं. भिंतीआड कुणी नव्हतं, कापडाखालचा गात नव्हता; मग त्या सकाळी फुंकत होता तो एकटाच. मग उठला, आरसा भिंतीवरून सुलटा केला, डावा ओठ बोटाने सावरला आणि फुंकर मारली.

फुस्स.

मुराईने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, आणि कंटाळलेल्या मास्तरासारखी तीच शिट्टी पुन्हा एकदा, सावकाश, घालून दाखवली.