कोरडं पातेलं

चक्रीवादळाने पोर्तो रिकोभर वीज गेली, श्वासाचं यंत्र बंद पडलं आणि एलादिओची बायको ओर्तेन्सिया गेली. ती कशामुळे गेली ते कळलं त्याच दिवशी त्याने घरावर सोलर पॅनल बसवायचं ठरवलं. घरातच राहणाऱ्या मेव्हणीलाही तसंच यंत्र लागायचं. पण ओर्तेन्सिया कायम बजावायची, “स्लॅबला भोक पाडलंस तर माझं भाताचं पातेलं गळतीखाली ठेवीन. मग बस उपाशी!” त्याने भोकं पाडली, सीलंट ठासून बोल्ट आवळले, पांढरा लेप दिला. लेप सुकल्यावर गच्चीच्या मोऱ्या बुजवून पाणी तुंबवलं, खाली तिचंच पातेलं मांडलं. “भावजी, ताई वरून बघतेय हं!” मेव्हणी म्हणाली. सकाळी त्याने पातेल्यात हात फिरवला. कोरडं ठणठणीत! “बघ, तुझं पातेलं चुलीवर चाललं!” तो छताकडे बघून ओरडला. पुढच्या वादळात गल्ली अंधारली, पॅनलने भरलेल्या बॅटरीवर मेव्हणीचं यंत्र चालूच राहिलं. त्याच्या भाताला तिच्या भातासारखी तळाशी खरपूस खरवड धरणं तेवढं राहिलंय.